छोट्या गावात राहायला जायचं की नाही: ठरवायचं कसं, एकेक पायरीने

शहर सोडून छोट्या गावात राहायला जाऊ का, हा विचार एकदा डोक्यात शिरला की आपण लगेच घरांचे फोटो बघायला लागतो, तिथली हवा, शांतता, मोकळी जागा डोळ्यासमोर आणतो आणि थोड्याच दिवसात मन अर्धं तिकडं जाऊन पोचलेलं असतं. मग पुढची चौकशी नावालाच होते, जे ठरवलंय त्याला होकार देणारी माणसं शोधली जातात आणि नकार देणारी टाळली जातात. म्हणून इथं कुठलं गाव चांगलं हे सांगत बसणार नाही, हा निर्णय तुमच्या घराला झेपेल का हे कसं तपासायचं तेवढंच क्रमाने लिहिते.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोठ्या शहरात आपण जास्तीचं भाडं भरतो, गर्दी सोसतो, ते बऱ्याच अंशी दुसऱ्या पर्यायासाठी. एक डॉक्टर पटला नाही तर दुसरा, एक नोकरी गेली तर त्याच रस्त्यावर दुसरं ऑफिस, एक शाळा जमली नाही तर दुसरी. छोट्या गावात यातल्या बऱ्याचशा गोष्टी एकेकच असतात. ती एक गोष्ट उत्तम असू शकते, शहरातल्यापेक्षाही चांगली असू शकते, तिथला डॉक्टर तुम्हाला नावानिशी ओळखत असेल आणि रात्री फोनही उचलत असेल. पण तो डॉक्टर गाव सोडून गेला तर? म्हणून गावाबद्दल कुणी काहीही चांगलं सांगितलं की ऐकून घ्या आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा, हे बंद पडलं तर दुसरं काय आहे आणि ते किती मिनिटांवर आहे. सगळा निर्णय या एका प्रश्नाभोवती फिरतो असं माझं पक्कं मत आहे.

पायरी १: इथून निघायचंय की तिथं राहायचंय?

एक कागद घ्या, मध्ये रेघ मारा. डाव्या बाजूला शहरात ज्याचा त्रास होतो ते सगळं, उजव्या बाजूला छोट्या गावात जे हवंय ते सगळं. लिहून झालं की डावी बाजू एकेक ओळ वाचा आणि विचारा, हे शहर न सोडता सुटेल का? लांबचा प्रवास असेल तर ऑफिसजवळ घर घेऊन सुटेल, साहेबाचा जाच असेल तर नोकरी बदलून सुटेल, घर अंधारं आणि कोंदट असेल तर त्याच शहरातल्या दुसऱ्या भागात जाऊनही सुटेल. आणि नात्यातला ताण, एकटेपणा, कामाचा कंटाळा या गोष्टी तर सामानाबरोबर नवीन पत्त्यावर येतात. हे सगळं खोडल्यावर डावीकडे काही उरतच नसेल तर गाव बदलायची घाई करू नका, आधी जे जवळ आहे ते बदलून बघा.

उजवी बाजूही नीट तपासा. १९९८ मध्ये डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या दोन भागातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, एक भाग कडक थंडीचा आणि दुसरा कॅलिफोर्नियाचा, जिथलं हवामान छान म्हणून प्रसिद्ध आहे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातली माणसं जास्त सुखी असणार, पण स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारलं तर समाधान दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. म्हणजे तुलना करताना जो फरक डोळ्यात भरतो तोच आपण मोजतो, आणि रोज राहायला लागल्यावर त्या फरकाकडे आपलं फारसं लक्षच जात नाही. म्हणून उजव्या बाजूला 'शांतता', 'निसर्ग' असे मोठे शब्द ठेवू नका, त्यांचं रोजचं रूप लिहा. सकाळी चालायला जाणार, मुलं एकटी बाहेर खेळणार, संध्याकाळी सहाला घरी असणार, असं. आणि मग स्वतःला विचारा की आत्ता सुट्टीच्या दिवशी तरी मी चालायला जाते का? इथं वेळ असूनही जे करत नाही ते तिथं गेल्यावर आपोआप सुरू होईल यावर फार भरवसा ठेवू नये.

पायरी २: एक साधा आठवडा लिहून काढा

सुट्टीचा नको, सणाचा नको, कामाचा साधा आठवडा घ्या. सोमवार ते रविवार तुम्ही आणि घरातली माणसं कुठं कुठं जाता, काय काय विकत घेता, कुणाला भेटता, काय दुरुस्त करून घेता ते सगळं लिहा, त्याखाली महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टी आणि त्याखाली वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या. मग प्रत्येकापुढे नवीन ठिकाणाहून घरापासून दारापर्यंत किती मिनिटं लागतील ते लिहा, किलोमीटर लिहू नका, कारण रस्ता खराब असेल, फाटक लागत असेल, बस दिवसातून दोनदाच असेल तर वीस किलोमीटरलाही तास जातो.

छोट्या गावात काय मिळणार आणि काय नाही याचा अंदाज आधीच लावता येतो. जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये हे मांडलं होतं, की प्रत्येक सेवेला टिकून राहायला एक किमान गिऱ्हाइकसंख्या लागते, आणि त्या सेवेसाठी माणसं किती लांब यायला तयार आहेत यालाही मर्यादा असते. किराणा रोज लागतो म्हणून थोड्या घरांवरही दुकान चालतं, पण दात सरळ करणारा स्पेशालिस्ट, ऐकण्याच्या मशीनचं दुकान, एखाद्या विशिष्ट गाडीचं सर्व्हिस सेंटर यांना हजारो घरं लागतात, म्हणून ते मोठ्या शहरातच बसतात. तुमच्या घराला अशा क्वचितच कुणाला लागणाऱ्या किती गोष्टी नियमित लागतात ते मोजा. कुणाला एकही लागत नाही, त्यांच्यासाठी छोटं गाव सोपं. कुणाला चारपाच लागतात, त्यांचा प्रत्येक महिना गाडीत जाईल.

प्रवासाचा विषय निघालाच आहे तर, चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये लिहिलं होतं की माणसं सरासरी दिवसाला साधारण एक तासच प्रवासात घालवत आलीयेत, साधनं वेगवान झाली तर ती लांब राहायला जातात, पण वेळ तेवढाच राहतो. ही सरासरी आहे, प्रत्येकाला लागू नाही, तरी हिशोबाला बरी पडते. नवीन ठिकाणच्या आठवड्याची मिनिटं मिळवा आणि सातने भागा. उत्तर तासाच्या फार वर गेलं तर शहराचा प्रवास सुटला असं समजू नका, तो फक्त वेगळ्या रस्त्यावर गेला.

पायरी ३: काम, आणि ते गेलं तर पुढचं काम

इथं थोडं जास्त थांबायला हवं. घरून काम चालतं म्हणून जायचं असेल तर पहिलं काम म्हणजे ते लेखी घ्या. साहेबाने तोंडी 'चालेल' म्हटलंय यावर घर हलवू नका, साहेब बदलतात, कंपनीचं धोरणही बदलतं, आणि सगळ्यांनी ऑफिसला या असा मेल आला की सगळ्यात लांब राहणारा माणूस पहिला अडकतो. लेखी घेताना विचारायचं काय तर, महिन्यातून किती वेळा यावं लागेल, त्या प्रवासाचा खर्च कोण देणार, राहण्याचं ठिकाण बदललं म्हणून पगार बदलणार का (काही कंपन्या ठिकाणाप्रमाणे पगार ठरवतात), आणि दुसऱ्या राज्यात किंवा देशात जात असाल तर टॅक्स, विमा आणि कामगार कायदा कुठला लागू होणार.

मग तोच प्रश्न, हे बंद पडलं तर? आजची नोकरी उद्या गेली असं धरून चाला आणि त्या गावात बसून नवीन काम शोधायला सुरुवात करा, खरंच करा, एक संध्याकाळ द्या. घरून करता येईल असं काम तुमच्या क्षेत्रात किती निघतं, त्यासाठी किती लोक रांगेत असतात, आणि गावातल्या गावात किंवा तासाभराच्या अंतरात तुमच्या कामाला माणूस ठेवणाऱ्या जागा किती आहेत ते लिहा. एकच जागा असेल तर तिथं पगार वाढवून मागायची ताकदही तुमच्याकडे राहत नाही हे लक्षात घ्या, कारण तुम्ही कुठं जाणार नाही हे त्यांनाही माहिती असतं.

अजून एक गोष्ट दिसत नाही पण जाते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिलं होतं की नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलग मित्रांकडून येत नाही, ती तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. शहरात ही तोंडओळख लिफ्टमध्ये, चहाच्या सुट्टीत, कुणाच्या निरोप समारंभात आपोआप टिकते. गावात गेल्यावर ती मुद्दाम टिकवावी लागते, म्हणजे वर्षातून काही वेळा शहरात जाऊन माणसांना भेटणं हा खर्च आणि वेळ बजेटमध्ये आधीच धरायचा, जमलं तर बघू असं नको.

जोडीदाराचं काम वेगळं तपासा. एकाचं काम घरून चालतं आणि दुसऱ्याला 'तिथं बघू काहीतरी मिळेल' असं सांगितलं जातं, हे फार घरांत होतं आणि ज्याच्या वाट्याला 'बघू' येतं त्याच्या मनात ते वर्षानुवर्षं राहतं. त्याचं किंवा तिचं काम ठरल्याशिवाय निर्णय पूर्ण झाला असं म्हणू नका.

पायरी ४: तब्येत

या बाबतीत मी कुणालाही भीड न ठेवता सांगते की घरात हृदयाचा, मेंदूचा, किडनीचा आजार असलेलं कुणी असेल, किंवा बाळंतपणात धोका सांगितलेला असेल, तर आधी ही पायरी करा आणि बाकीच्या नंतर. इथं उत्तर नकारार्थी आलं तर बाकीच्या करायचीही गरज नाही.

इमर्जन्सीत दोन वेळमर्यादा लक्षात ठेवा. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद पडून अटॅक आला तर अँजिओप्लास्टी सगळ्यात चांगली, आणि निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत ती होण्यासारखी नसेल तर आधी गुठळी विरघळवणारं औषध द्यावं असं उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गुठळीमुळे पक्षाघाताचा झटका आला तर तसंच इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि ते देण्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करावाच लागतो, कारण झटका रक्तस्रावाचा असेल तर तेच औषध जीवघेणं ठरतं. त्यामुळे 'गावात हॉस्पिटल आहे का' हा प्रश्न अर्धवट आहे. विचारायचं असं: चोवीस तास चालू असलेला सीटी स्कॅन सगळ्यात जवळ कुठं आहे, अँजिओप्लास्टी कुठं होते, रात्री दोन वाजता तिथं डॉक्टर हजर असतात का, अँब्युलन्स गावात उभी असते की दुसरीकडून येते, आणि आली तर किती वेळात येते. हे हॉस्पिटलच्या बोर्डावरून कळत नाही, गावातल्या अशा घरात विचारा जिथं खरोखर रात्री कुणाला न्यावं लागलंय.

इमर्जन्सीपेक्षा जास्त घरं मात्र नेमाने जावं लागणाऱ्या उपचारांनी थकतात. डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा असतं, प्रत्येक वेळी चारएक तास. केंद्र दीड तासावर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यात आठवड्याचे नऊ तास जातात, आणि पेशंट बऱ्याचदा इतका थकलेला असतो की सोबत कुणीतरी लागतंच, म्हणजे दोन माणसांचे नऊ नऊ तास. कॅन्सरसाठी रेडिएशन घ्यायचं तर ते बऱ्याचदा आठवड्यातून पाच दिवस, असं काही आठवडे चालतं. फिजिओथेरपी, मुलांची स्पीच थेरपी, मानसोपचार यांचंही असंच. मानसोपचाराबद्दल एक वेगळी गोष्ट, छोट्या गावात समुपदेशक असला तरी तो तुमच्या शेजाऱ्यालाही ओळखत असतो, त्यामुळे मोकळं बोलणं अवघड जातं, इथं ऑनलाइन सेशन बरं पडतं.

आणि आज सगळे ठणठणीत असले तरी पुढची दहा वर्षं डोळ्यासमोर ठेवा, तुमचं वय, आई-वडिलांचं वय. गाडी चालवता येईनाशी झाली की छोट्या गावात माणूस एकदम परावलंबी होतो, शहरात तो रिक्षाने, बसने जाऊ शकतो.

पायरी ५: नेट, वीज, पाणी

तिन्ही गोष्टी घर बघायला गेल्यावर दुपारच्या एका तासात कळत नाहीत. 'इथं फायबर आहे' याचा अर्थ गावात आहे, तुमच्या घरापर्यंत आलीय असा होत नाही. नेमक्या त्या पत्त्यावर लाइन मिळेल का हे कंपनीकडून घ्या आणि शेजाऱ्याच्या घरी जाऊन संध्याकाळी आठ-नऊ वाजता स्पीड टेस्ट करा, तेव्हाच सगळे नेटवर असतात. डाउनलोडपेक्षा अपलोड बघा, चांगल्या दर्जाच्या ग्रुप व्हिडिओ कॉलला वर-खाली दोन्हीकडे साधारण ३ ते ४ एमबीपीएस एका माणसामागे लागतात, घरात दोघं कॉलवर आणि मूल ऑनलाइन क्लासला असेल तर त्याच्या तिप्पट. सॅटेलाइटचं नेट घेणार असाल तर सॅटेलाइट किती उंचीवर आहे ते विचारा. ३५,७८६ किलोमीटरवरच्या सॅटेलाइटमार्फत सिग्नल पलीकडे जाऊन त्याचं उत्तर परत येईपर्यंत साधारण अर्धा सेकंद किंवा जास्त वेळ जातो आणि बोलताना दोघं एकदम बोलत राहतात, साधारण ५५० किलोमीटरवर फिरणाऱ्या सॅटेलाइटला ही अडचण फारशी येत नाही. आणि दुसरा पर्याय काय? दुसऱ्या कंपनीचं मोबाइल नेटवर्क घरात, खिडकीपाशी नाही तर जिथं टेबल ठेवणार तिथं, येतं का ते बघा.

वीज किती वेळा जाते हे कुणीही सांगतं, गेल्यावर किती वेळाने येते ते विचारा. रोज दहा मिनिटं जाणारी वीज इन्व्हर्टरवर निभते, महिन्यातून एकदा दोन दिवस जाणारी निभत नाही. वीज गेली की मोबाइल टॉवर किती वेळ चालतो हेही विचारा, कारण नेटचा बॅकअप म्हणून ज्यावर भिस्त ठेवलीय तोच त्याच वेळी बंद पडू शकतो.

पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर लॅबमधून तपासून घ्या, चवीवर जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा अशा आहेत: फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम आणि आर्सेनिक १० मायक्रोग्रॅम. खताचा वापर जास्त असलेल्या शेतांजवळ नायट्रेट वाढलेलं असू शकतं आणि ते तान्ह्या बाळांना धोक्याचं असतं, शिवाय पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे दाट होतं. हवेचंही गृहीत धरू नका. गाव लहान म्हणून हवा स्वच्छ असं नसतं, जवळ खाण, वीटभट्टी, कारखाना असेल किंवा ठरावीक महिन्यात शेत जाळत असतील तर दमा असलेल्या माणसाला तिथं शहरापेक्षाही त्रास होईल.

शाळेबद्दल थोडक्यात. आजची इयत्ता बघू नका, शेवटची बघा. प्राथमिकची शाळा छान असते आणि आठवी-दहावीनंतर मुलांना बाहेर पाठवावं लागतं, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा स्थलांतर किंवा हॉस्टेल. मुलाला शिकायला काही वेगळी मदत लागत असेल तर तिथं तसं शिकवणारी व्यक्ती आहे का, आणि ती सोडून गेली तर दुसरी आहे का, हे शाळेच्या ऑफिसमधून ऐकू नका, तशाच मुलाच्या पालकांना भेटा.

पायरी ६: माणसं

छोट्या गावात माणसं जवळची असतात असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे, पण ती एकमेकांची जवळची असतात, तुमची व्हायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकत्याच नवीन ठिकाणी राहायला गेलेल्या लोकांना विचारलं होतं. तोंडओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावा असा व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आठवड्याला दोन तास भेटलात तर जिवलग मैत्रीला जवळपास दोन वर्षं लागतात. हा हिशोब मला फार उपयोगी वाटतो, कारण सहा महिन्यांनी 'इथली माणसं आपल्याला घेत नाहीत' असं वाटायला लागतं तेव्हा बऱ्याचदा माणसांचा दोष नसतो, तास भरलेले नसतात.

म्हणून जायच्या आधीच शोधा की ठरलेल्या वेळी तीच ती माणसं परत परत भेटतील अशी जागा कुठं आहे. वाचनालय, भजनी मंडळ, क्रिकेटचं मैदान, नाटकाचा ग्रुप, सकाळचा व्यायाम, शाळेची समिती, काहीही चालेल, पण तुम्हाला मनापासून आवडणारं हवं, नाहीतर चार वेळा जाऊन बंद होईल. आणि तिथं नवीन माणूस याआधी कुणी आलाय का, टिकलाय का, ते बघा. गावात पाचसात वर्षांपूर्वी बाहेरून आलेलं एखादं घर शोधून त्यांच्याशी निवांत बोलणं हे माझ्या मते सगळ्या चौकशीत सगळ्यात मोलाचं काम आहे. जमलं तर येऊन परत गेलेलं घरही शोधा. जे राहिले ते काय मिळालं ते सांगतील, जे गेले ते काय संपलं ते सांगतील, दोन्ही ऐका.

दुसरी बाजूही स्पष्ट बोलायला हवी. सगळे सगळ्यांना ओळखतात यात आधार आहे तसा पहाराही आहे. आजारी पडलात तर तीन घरातून विचारपूस होते, आणि रात्री उशिरा कोण आलं, कोण कुणाबरोबर दिसलं, घरात भांडण का झालं, हेही त्याच तीन घरातून बाहेर जातं. एकटी राहणारी बाई, घटस्फोट झालेली व्यक्ती, वेगळ्या धर्माचं किंवा वेगळ्या भाषेचं घर, लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं, समलिंगी जोडपं, यांच्यासाठी हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, सुरक्षिततेचा आहे. तुमच्यासारखं कुणी तिथं उघडपणे राहतंय का हे बघा. नसेल तर पहिलं होण्याची तयारी आहे का हे स्वतःला विचारा, आणि तयारी नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. शहरात एखाद्या ग्रुपशी बिनसलं तर दुसरा ग्रुप सापडतो, इथं बिनसलं तर तीच माणसं रोज समोर येणार.

पायरी ७: पैसे, आणि गावाचं स्वतःचं भविष्य

पैशाचा भाग मी लवकर उरकते कारण बेरीज-वजाबाकी प्रत्येकाची वेगळी. घरभाडं कमी होतं एवढंच धरून लोक खूश होतात, त्यात दुसरी गाडी, इंधन, सामान मागवण्याचा खर्च, इन्व्हर्टर, शहरातल्या फेऱ्या, आणि दुरुस्तीला बाहेरून माणूस बोलावला तर त्याचा प्रवास, हे सगळं घाला. दोन्हीकडचा वर्षाचा खर्च शेजारी शेजारी लिहा, महिन्याचा नको, कारण गावातले मोठे खर्च वर्षातून एकदोनदाच येतात आणि महिन्याच्या हिशोबात ते दिसत नाहीत.

गाव कशावर जगतं ते मात्र नीट शोधा. एकच कारखाना, एकच खाण, एकच मोठं ऑफिस, किंवा वर्षातले दोनतीन महिने येणारे पर्यटक यावर सगळं चालत असेल तर तुमची नोकरी त्यात नसली तरी तुम्ही त्यातच आहात. जपानमधलं युबारी हे कोळशाच्या खाणींचं शहर १९६० च्या सुमारास लाखाच्या वर वस्तीचं होतं, खाणी एकेक करत बंद झाल्या, शेवटची १९९० मध्ये, आणि २००७ मध्ये नगरपालिकाच दिवाळखोर ठरली, पुढे वस्ती दहा हजारांच्याही खाली गेली. शाळा एकत्र केल्या गेल्या, सेवा कमी झाल्या, कर वाढले. सगळ्या गावांचं असं होत नाही, पण चिन्हं आधी दिसतात. पहिलीच्या वर्गातली पोरं दरवर्षी कमी होतायत का, बंद दुकानांच्या जागी नवीन दुकानं येतायत की कुलपंच राहतायत, बस कमी झाल्या का, पंचवीस-तीस वयाची माणसं रस्त्यावर दिसतात का. उलट गाव फार वेगाने वाढत असेल तर ज्या शांततेसाठी जाताय तीच काही वर्षांत जाईल, शेजारच्या मोकळ्या जमिनीवर काय होणार आहे हे स्थानिक कार्यालयात विकास आराखडा बघून घ्या.

पायरी ८: राहून बघा, तेही वाईट दिवसात

इथपर्यंत सगळं जुळत असेल तर आता राहून बघायचं. सुट्टी म्हणून नाही. वर्षातला सगळ्यात त्रासाचा काळ कुठला ते गावकऱ्यांना विचारा, धो धो पाऊस, कडक ऊन, गारठा, पाणीटंचाई, जे असेल ते, आणि त्याच काळात जा. हॉटेलात उतरू नका, स्वयंपाकघर असलेलं साधं घर घ्या. लॅपटॉप घेऊन पूर्ण कामाचे दिवस करा, किराणा तिथंच भरा, एकदा डॉक्टरकडे जाऊन या साध्या तपासणीला का होईना, एकदा काहीतरी मुद्दाम दुरुस्त करून घ्या, एक संध्याकाळ काहीच न करता बसून बघा. ती संध्याकाळ महत्त्वाची. शहरात मोकळी वेळ भरायला बाहेर बरंच काही असतं, तिथं ती तुम्हालाच भरायची आहे. मुलांनाही घेऊन जा. दोन आठवडे मिळाले तर चांगलं, महिना मिळाला तर फारच चांगलं, नुसता शनिवार-रविवार मिळत असेल तर तो राहून बघणं म्हणून मोजू नका.

परत आल्यावर घरातल्या प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, एकमेकांशी न बोलता एक गोष्ट लिहायची. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी ही पद्धत २००७ मध्ये एका लेखातून मांडली होती, मोठ्या कामांसाठी, पण घरातही ती तितकीच चालते. समजा आपण तिथं गेलो, वर्ष झालं, आणि ते साफ फसलं. का फसलं? कारणं लिहा. फसलंच आहे असं धरून लिहायला सांगितलं की जे एरवी घरात मोडता घालायचा नाही म्हणून गप्प बसतात तेही बोलतात. मग सगळ्यांचे कागद एकत्र ठेवा. दोघातिघांच्या कागदावर तेच कारण आलं असेल तर त्यावर उत्तर सापडल्याशिवाय पुढं जाऊ नका. आणि एकाच्याच कागदावर आलं असेल आणि तो सगळ्यात कमी बोलणारा असेल तर त्याच्याशी आधी बोला.

पायरी ९: परत यायचा रस्ता उघडा ठेवून जा

जायचं ठरलं तर पहिलं वर्ष भाड्याने राहा. आवडत्या घराची संधी जाईल अशी भीती घालणारे भेटतील, तरी भाड्यानेच राहा. छोट्या गावात घर घेणं सोपं आणि विकणं अवघड असतं कारण गिऱ्हाईक मोजकं, आणि विकायची वेळ बऱ्याचदा तेव्हाच येते जेव्हा गावातले इतरही विकत असतात. शहरात स्वतःचं घर असेल तर शक्य असेल तोवर भाड्याने द्या, विकू नका, कारण शहरातले भाव तुमच्या बचतीपेक्षा वेगाने वाढले तर परत घर घेणं हाताबाहेर जातं. शहरात भाड्याने राहत असाल तर परत येताना लागणारं डिपॉझिट, सामान हलवण्याचा खर्च आणि काही महिन्यांचं भाडं वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका.

जाण्याआधीच तारीख ठरवा, साधारण वर्षाने, की त्या दिवशी बसून बोलायचं. कशावरून परत यायचं तेही आत्ताच लिहा, तेव्हा नाही. उदाहरणार्थ जोडीदाराला ठरलेल्या काळात काम मिळालं नाही, मूल शाळेत रुळलंच नाही, नेटमुळे काम हातचं जायला लागलं, असं काही. अधेमधे एखादा वाईट महिना आला तर लगेच बांधाबांध करू नका, पहिले काही महिने बहुतेकांना जड जातात. पण लिहिलेल्यातलं काही खरंच झालं तर ताणत बसू नका.

घर किंवा जमीन घ्यायची ती या बोलण्यानंतर, सगळे ऋतू त्या गावात काढून झाल्यावर. घेताना कागदपत्रं स्थानिक वकिलाकडून तपासून घ्या, आणि तो वकील विकणाऱ्याचाही वकील नाही ना हे आधी विचारा, कारण गावात चांगला वकीलही बऱ्याचदा एकच असतो. तसं असेल तर शेजारच्या मोठ्या गावातला घ्या.